क्लोरीनला लाइट लागत नाही

केमिकल प्लांटमध्ये काय काय बिघडू शकतं ते आधीच शोधून काढायच्या पद्धतीला हॅझॉप म्हणतात. तिच्या शीटमध्ये 'सेफगार्ड्स' नावाचा एक कॉलम असतो. अमुक बिघाड झाला तर तो मोठा व्हायच्या आत थांबवायला आपल्याकडे काय काय आहे, ते तिथे लिहायचं. नवीन प्लांटचं रिस्क असेसमेंट मनापासून केलंय का नुसतं फाइलला लावायला केलंय हे बघायचं असेल तर रंगीत मॅट्रिक्स, जाडजूड रिपोर्ट वगैरे सगळं बाजूला ठेवा, तो एक कॉलम वाचा आणि प्रत्येक ओळीला विचारा की बाई, लाइट गेल्यावर तू चालू असतेस का?

सांगते कुठून आलं हे. काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत आमच्या कंपनीचं मोठं एक्स्पान्शन निघालं. कंपनीचं नाव नको. क्लोरिनेशनचा नवीन ब्लॉक, सॉल्व्हंटचा टँक फार्म, युटिलिटी सगळी नवी. मी प्रोसेस इंजिनिअर, मालकाच्या बाजूच्या प्रोजेक्ट टीममध्ये. म्हणजे डिझाइनवाला कंसल्टंट वेगळा, रिस्कवाला वेगळा, कॉन्ट्रॅक्टर वेगळा, आणि या सगळ्यांच्या मध्ये कागद फिरवणारी मी.

पहिला टप्पा बोर्डरूममध्ये झाला. रिस्क रजिस्टर. पाच बाय पाचचा तक्ता, आडवी शक्यता, उभा परिणाम, गुणाकार करायचा आणि रंग भरायचा. फायनान्सवाल्यांना डॉलरची भीती, कारण ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरसोबतचं काही सामान बाहेरून यायचं होतं. परचेसला डिलिव्हरीची. सिव्हिलवाल्यांची भीती सगळ्यात खरी होती: कोकणात मे संपायच्या आत फाउंडेशन जमिनीच्या वर आलं नाही तर जून ते सप्टेंबर खड्ड्यातलं पाणी उपसत बसायचं, म्हणजे मार्चमधला पंधरा दिवसांचा उशीर ऑक्टोबरमध्ये चार महिन्यांचा होऊन दिसतो. यावर भरपूर चर्चा झाली, चांगली झाली. आणि क्लोरीन गळती? एक ओळ. शक्यता १, परिणाम ५, रंग पिवळा. मी विचारलं शक्यता १ कशावरून, तर म्हणे जुन्या प्लांटला आजवर कधी मोठं काही झालं नाही. आता जी गोष्ट एखाद्या प्लांटला हजार वर्षांत एकदा व्हावी अशी आपली अपेक्षा असते, ती गेल्या वीस वर्षांत झाली नाही यावरून काय कळणार, काहीच नाही कळत. पण जेवायची वेळ झाली होती आणि पिवळा रंग कुणाला टोचत नाही.

मग हॅझॉप. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही पद्धत साठच्या दशकात आयसीआय या ब्रिटिश केमिकल कंपनीत तयार झाली. प्लांटचं ड्रॉइंग, म्हणजे पी अँड आयडी, टेबलावर पसरायचं, त्याचे तुकडे करायचे, त्यांना नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडला ठरलेले शब्द लावून प्रश्न विचारायचे. फ्लो नाही, फ्लो जास्त, कमी, उलटा. प्रेशर जास्त, कमी. टेम्परेचर, लेव्हल. मग कशामुळे होईल, झालं तर काय होईल, अडवायला काय आहे, पुरेसं आहे का. ऐकायला सोपं आहे पण करताना डोकं बधिर होतं. तिसऱ्या नोडनंतर सगळी उत्तरं सारखी वाटायला लागतात, जेवणानंतर तर निम्मे लोक फोनमध्ये, आणि जो लिहून घेतो तो स्क्राइब जर कॉपी पेस्टवाला निघाला तर संपलंच.

आमच्या नशिबाने हॅझॉपची मीटिंग चालवणारे चेअरमन चांगले मिळाले. रिटायर्ड माणूस, पूर्ण आयुष्य प्लांटमध्ये गेलेलं, आम्ही नुसतं सर म्हणायचो. पहिल्या दिवशी प्रॉडक्शनने एक नवीन ट्रेनी पाठवला होता, कारण सीनियर लोक 'बिझी' होते. सरांनी त्या पोराला चहा पाजला आणि सांगितलं की जुन्या क्लोरिनेशनवर रात्रपाळी केलेला ऑपरेटर आल्याशिवाय मी पहिली ओळ लिहिणार नाही. प्रोजेक्ट हेड वैतागले, कंसल्टंटचे दिवसाचे पैसे चालू होते. पण दुसऱ्या दिवशी आले एक. सगळा प्लांट त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही. रिटायरमेंटला आलेले, एसीत बसायची सवय नाही, मधूनमधून बाहेर जाऊन उन्हात उभे राहायचे.

दोन दिवस मामा जवळजवळ काहीच बोलले नाहीत. विचारलं की 'हो, होतं तसं' एवढंच.

क्लोरीनचा नोड आला. सिस्टिम अशी होती: क्लोरीन टोनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये येतो, एका टोनरमध्ये ९०० किलो. तो आत द्रव असतो, स्वतःच्याच प्रेशरने बाहेर येतो, गरम पाण्याच्या व्हेपोरायझरमधून जातो, वायू होतो आणि रिअ‍ॅक्टरमध्ये सोडतात. रिअ‍ॅक्शन उष्णता सोडते, म्हणून बाहेरच्या जॅकेटमध्ये ब्राइन, म्हणजे थंड केलेलं खारं पाणी, फिरतं. वापरला न गेलेला क्लोरीन आणि तयार झालेला एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) वायू हे पुढे जातात, पाण्यात एचसीएल शोषून घेतात, उरलेलं कॉस्टिकच्या स्क्रबरमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने वायू धुणाऱ्या टॉवरमध्ये, मारतात आणि मग चिमणीतून हवा बाहेर. नेहमीचंच डिझाइन.

'पॉवर फेल्युअर' या ओळीला डिझाइन कंसल्टंटने सेफगार्ड्स आधीच भरून आणले होते. फेल क्लोज व्हॉल्व्ह, कॉस्टिक स्क्रबर, डीजी (डिझेल जनरेटर) सेट, ऑपरेटर इंटरव्हेन्शन. चार. चार सेफगार्ड म्हणजे हिरवं. सर पुढच्या ओळीवर जाणार एवढ्यात मामा म्हणाले, "मॅडम, लाइट गेली तर पंप थांबतो, ब्लोअर थांबतो. क्लोरीनला कुठे लाइट लागते? तो येतच राहतो की."

खरंच आहे. वीस अंशाला क्लोरीनचा बाष्पदाब वातावरणाच्या सहापटीपेक्षा जास्त असतो, उन्हाळ्यात टोनर तापला की अजून वर. त्याला ढकलायला कसलाही पंप नाही. व्हेपोरायझरचं पाणी लाइट गेल्या गेल्या थंड होत नाही, ते बराच वेळ द्रवाचा वायू करत राहतं. म्हणजे लाइट गेली की धोका ज्याने होतो ते चालू आणि धोका अडवणारं सगळं बंद.

कंसल्टंट म्हणाला पण व्हॉल्व्ह फेल क्लोज आहे ना. बरोबर, व्हॉल्व्ह फेल क्लोजच होता. पण फेल क्लोज म्हणजे हवा गेली की स्प्रिंगने बंद. आणि हवा कधी जाते? त्या हवेची वाट उघडझाप करणाऱ्या सॉलेनॉइडची वीज गेली तर, किंवा इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवाच संपली तर. सरांनी इन्स्ट्रुमेंटवाल्याला विचारलं सॉलेनॉइड कुठल्या सप्लायवर आहे. त्याने लूप ड्रॉइंग उघडलं, पानं उलटली, आणि म्हणाला यूपीएसवर. का, तर कंट्रोल सिस्टिम मध्येच झटका बसून बंद पडू नये, बॅच खराब होऊ नये म्हणून. चांगल्या हेतूनेच केलेलं होतं. एअरचं काय, तर कॉम्प्रेसर बंद पडला तरी रिसीव्हरमध्ये, म्हणजे हवेच्या टाकीत, साठा असतो, तोही मुद्दाम मोठा घेतलेला, म्हणजे प्लांट नीट बंद करायला वेळ मिळावा. म्हणजे काय झालं बघा, लाइट जाते, यूपीएसमुळे सॉलेनॉइड जागा राहतो, रिसीव्हरमुळे हवा राहते, आणि आपला फेल क्लोज व्हॉल्व्ह छान उघडा राहतो. व्हॉल्व्ह चांगला, यूपीएस चांगला, रिसीव्हर चांगला, तिघं मिळून घात करणार होते.

मग बाकीचे सेफगार्ड सोलायला घेतले. स्क्रबर: त्याचा पंप त्याच फीडरवर, म्हणजे जी लाइट गेली त्याच लाइनवर. डीजी: ऑटो स्टार्ट होता पण स्क्रबरचा पंप इमर्जन्सी लोडच्या यादीत नव्हताच, लायटिंग आणि फायर पंप होते. ऑपरेटर: डीजी उठेपर्यंत अंधारात, जिन्याने, मास्क घालून, हाताने व्हॉल्व्ह बंद करायला. मामांना विचारलं किती वेळ लागेल, ते म्हणाले मास्क कुठे टांगलाय त्यावर आहे. आणि एक पाचवी गोष्ट जी शीटमध्ये नव्हतीच, ती म्हणजे स्टिरर, आतलं ढवळणारं यंत्र. तोही बंद पडतो. स्टिरर बंद आणि क्लोरीन चालू म्हणजे वायू नीट मिसळत नाही, रिअ‍ॅक्शन मागे पडते, काही तसाच वर निघून मेलेल्या स्क्रबरकडे जातो आणि काही आत साचतो. लाइट आली की कोणीतरी घाईने स्टिरर चालू करतो आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं, जॅकेटमध्ये ब्राइन अजून फिरायला लागलेलं नसताना.

चार सेफगार्ड होते ना, ते चारही एकाच वायरला लटकलेले होते. भोपाळबद्दल आपण सगळेच वाचतो, पण तिथेही कागदावर पाहिलं तर अडवणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या: एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट, जो वायू तिथे गळला) टाकीला रेफ्रिजरेशन होतं, स्क्रबर होता, वायू जाळून टाकणारा फ्लेअर होता. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री रेफ्रिजरेशन कित्येक महिने बंद केलेलं, फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला, आणि स्क्रबर एवढ्या गळतीला पुरणारच नव्हता. यादी मोजून काही होत नाही.

त्या एका ओळीवर आमचा बाकीचा अख्खा दिवस गेला आणि प्रोजेक्ट हेडच्या चेहऱ्यावर शेड्यूल दिसत होतं. पण त्यातून निघालं ते असं: स्क्रबरच्या कॉस्टिकचा फ्लो पडला, किंवा ब्लोअर थांबला, किंवा स्टिरर थांबला, तर क्लोरीनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद, आणि हे लॉजिक नेहमीच्या कंट्रोल सिस्टिममध्ये नाही तर वेगळ्या सेफ्टी सिस्टिममध्ये. स्क्रबरचा पंप डीजीवर. आणि वर उंचावर कॉस्टिकची एक छोटी टाकी, जी लाइट नसताना नुसत्या उताराने स्क्रबरला कॉस्टिक देत राहील. ही शेवटची आयडिया मामांची. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं, त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

नंतर लोपा झालं, म्हणजे याच गोष्टी आकड्यात. बिघाड वर्षाला किती वेळा होतो, प्रत्येक स्वतंत्र अडथळा तो किती कमी करतो, सगळं गुणून उत्तर कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली येतं का. इथे 'स्वतंत्र' हा शब्द कळीचा, दोन अडथळे एकाच पंपावर असतील तर तो एकच धरायचा. रिस्कवाल्या कंसल्टंटने पॉवर फेल्युअर दहा वर्षांत एकदा असं धरलं होतं, परदेशी टेबलातून उचललेलं. आमच्या सबस्टेशनच्या लॉगबुकमध्ये पावसाळ्यातल्या एका वाईट आठवड्यात त्याहून जास्त नोंदी होत्या. कोकणात राहिलेल्या कुणालाही हसू येईल. लॉगबुकचा आकडा टाकल्यावर इंटरलॉकची, म्हणजे व्हॉल्व्ह आपोआप बंद करणाऱ्या त्या लॉजिकची, भरवशाची पातळी सिल १ वरून सिल २ वर गेली, म्हणजे धोका निदान शंभर पटीने कमी करणारी यंत्रणा हवी, म्हणजे जास्त पैसे, म्हणजे मीटिंग. त्या मीटिंगमध्ये 'जरा रिअ‍ॅलिस्टिक आकडा घ्या' असं मला सांगण्यात आलं. मी लॉगबुकची झेरॉक्स पुढे ठेवली. त्याहून रिअ‍ॅलिस्टिक माझ्याकडे काही नव्हतं.

टोनर किती ठेवायचे यावरून वेगळीच गंमत. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनची पहिली मर्यादा १० टन आहे, तिच्यावर गेलात की साइटची माहिती कळवणं, ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन, आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं हे सगळं लागू होतं. २५ टनांच्या वर सेफ्टी रिपोर्ट. आता ९०० किलोचे दहा टोनर म्हणजे ९ टन. कुणीतरी लगेच म्हणालं, दहाच ठेवू, झंझट नको. कमी साठा ठेवणं चांगलंच, जे साठवलंच नाही ते गळणार नाही, पण पळवाट म्हणून कमी केला की त्याचं काय होतं, तर रोजच्या ट्रकवर अवलंबून राहायचं, घाटातून दुप्पट खेपा, आणि ट्रक गेटबाहेर उभा राहिला की तो 'आमचा साठा' नाही. शिवाय भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी अ‍ॅक्टला जी कलमं जोडली होती त्यात धोकादायक प्रोसेस असेल तर कामगारांना आणि आसपासच्या लोकांना माहिती द्यायची जबाबदारी होतीच, टन कितीही असो. शेवटी दहाच ठेवले, पण माहिती देणं, प्लॅन करणं हे सगळं मर्यादेच्या वर असल्यासारखंच करायचं असं ठरलं. हे ठरवायला सरांचं वय आणि आवाज दोन्ही कामाला आले, मी एकटी असते तर झालं नसतं.

क्यूआरए, म्हणजे गळती झाली तर बाहेर किती लोकांना किती धोका हे आकड्यात मांडणं, हा भाग मला सर्वात कमी पटला. एक टोनर पूर्ण फुटला तर ढग कुठपर्यंत जाईल हे सॉफ्टवेअर काढून देतं, नकाशावर सुंदर वर्तुळं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो उडून जात नाही, जमिनीलगत सरपटतो आणि खोलगट जागा शोधतो. रात्रीची शांत हवा, वारा सेकंदाला दोन मीटर, ही सर्वात वाईट केस धरतात, ती धरली होती. पण वाऱ्याची दिशा घेतली होती किनाऱ्यावरच्या वेधशाळेची, आणि आमची साइट डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या खोऱ्यात. सॉफ्टवेअरला जमीन सपाट वाटत होती. वाडीवर माहिती द्यायला गेलो तेव्हा एका आजींनी सांगितलं की रात्री वारा डोंगरावरून उतरून नदीकडे जातो, शेकोटीचा धूर बघा ना. आणि नदीकडे होती त्यांचीच वाडी, आणि तिच्याही खाली कॉन्ट्रॅक्ट लेबरची पत्र्याची वस्ती, जी जनगणनेत नसल्यामुळे रिपोर्टमध्ये शून्य माणसं. आम्ही साइटवर वाऱ्याचं मीटर लावलं, आणि लोकसंख्या जाऊन मोजली. एकत्र जमायची जागा जी प्लॅनमध्ये नदीकाठच्या मैदानात होती ती रस्त्याच्या वरच्या बाजूला गेली. वस्ती मात्र हलली नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीवर होती आणि ती आमच्या रजिस्टरमध्ये 'ओपन' म्हणूनच राहिली.

डीजीची कथा तर अजून राहिलीच. स्क्रबरचा पंप डीजीवर घेतला, छान झालं, आणि डीजी कुठे होता? प्लॉटच्या सर्वात सखल कोपऱ्यात, कारण तिथे दुसरं काही बसत नव्हतं. जुलै २०२१ मध्ये महाड, चिपळूणला काय झालं ते नव्याने सांगायला नको, आणि २००५ पण लोक विसरलेले नाहीत. जोराचा पाऊस, त्याच पावसात लाइट जाणार, त्याच पावसात डीजी पाण्यात जाणार. परत एकच वायर, फक्त यावेळी ती पाण्याची. सिव्हिलवाल्यांनी डीजी आणि पॅनेल दोन्ही उंच चौथऱ्यावर घेतले, पूररेषेच्या वर. तोवर पाया भरून झाला होता, तो फोडून परत केला. त्याचं बिल कुणाच्या डोक्यावर यावरून जे झालं ते लिहीत नाही.

रेकमेंडेशन निघतात तेव्हा सगळे मान डोलावतात, खरं युद्ध ती बंद करताना असतं. शीट परत येते आणि अ‍ॅक्शनच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'नोटेड'. किंवा 'एसओपीमध्ये समाविष्ट करण्यात येईल'. किंवा माझं आवडतं, 'ऑपरेटर ट्रेनिंग'. जिथे व्हॉल्व्ह घ्यायला सांगितलंय तिथे ट्रेनिंग लिहिलं की पैसे वाचतात आणि रंग हिरवा होतो. मी एक साधा नियम लावून घेतला, सरांकडूनच उचललेला, की प्रत्येक अ‍ॅक्शनला ड्रॉइंगचा नंबर किंवा फोटो किंवा टेस्टचा कागद जोडलेला हवा, नाहीतर ओपन. यामुळे मी फार लोकप्रिय झाले नाही. वरच्या कॉस्टिक टाकीची ओळ तर तीन वेगवेगळ्या कारणांनी कापायचा प्रयत्न झाला, शेवटच्या वेळी कारण 'एस्थेटिक्स' होतं, खोटं नाही सांगत.

क्लोरीन आणायच्या आधी आम्ही एक टेस्ट केली, जी शेड्यूलमध्ये नव्हती आणि घुसवावी लागली. रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी, क्लोरीनच्या लाइनमध्ये नायट्रोजन, स्क्रबरमध्ये कॉस्टिक, सगळं चालू केलं आणि मेन इनकमर, म्हणजे प्लांटला येणाऱ्या लाइटचा मुख्य स्विच, खाली पाडला. रात्री केली, मुद्दाम. व्हॉल्व्ह लगेच बंद झाला. वरच्या टाकीतून कॉस्टिक आलं. डीजी काही सेकंदांत उठला. आणि स्क्रबरचा पंप सुरूच झाला नाही. लाइट आल्यावर स्टार्टर पॅनेलवर कोणीतरी जाऊन रिसेट दाबल्याशिवाय तो सुरू होत नव्हता, वेंडरचं ते स्टँडर्ड सेटिंग, स्टिररसाठी बरोबर आणि या पंपासाठी चूक. स्टिररला आपोआप सुरू होऊ द्यायचं नाही, का ते वर आलंय. इलेक्ट्रिकलवाल्याने पंपाचं वायरिंग बदललं, परत लाइट पाडली, मग सगळं बरोबर चाललं. मामा टॉर्च घेऊन मास्कची जागा बघत होते, ती पण त्या रात्री बदलली, जिन्याच्या वरून खाली.

तो कागद मी शीटला जोडला आणि ओळ बंद केली. पुढच्या आठवड्यात पहिला ट्रक आला.